ऊस ओढणारा ट्रॅक्टर : ब्रेक आणि मागच्या भागाचे काम

गळिताचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या वाटेवरील प्रत्येक गॅरेजमध्ये एकच मागणी ऐकू येते. "मिस्त्री, ब्रेक जरा कडक करून द्या, या वर्षी दोन ट्रॉल्या ओढायच्या आहेत." आमच्या कारागीर बांधवांपैकी कितीतरी जणांची रोजी या कामावर चालते. परंतु 'ब्रेक कडक करणे' म्हणजे नेमके काय, हे मालकाला ठाऊक नसते आणि पुष्कळदा मिस्त्रीही ते समजावून सांगत नाही. हंगामात उतारावर ज्या गाड्या उलटतात त्यांच्याबरोबर माणसेही जातात. म्हणून या विषयाचा विचार आम्ही येथे थोडा सविस्तर करीत आहोत.

प्रथम एक साधा हिशेब पाहू. समजा, ट्रॅक्टर आणि उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून २० टन वजन आहे. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो. त्या चाकांवर २ टन भार आहे असे धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड या भाराच्या सुमारे सहा दशांश धरली, तर रोखण्याची ताकद झाली १.२ टन. आता १०० फुटांत ६ फूट उतरणारा रस्ता घ्या. तेथे २० टनांची गाडी १.२ टन जोराने खाली ओढली जाते. म्हणजे दोन्ही जोर सारखे झाले! ब्रेक कितीही उत्तम असला तरी गाडीचा वेग कमी होणार नाही. पेडल आणखी दाबले तर चाक जाम होऊन घसरेल, एवढेच. रस्ता ओला किंवा मातीचा असेल तर पकड आणखी कमी होते.

या हिशेबातून पहिली गोष्ट कळते ती अशी की ट्रॅक्टरचा ब्रेक सुधारून काम अर्धेच होते. वजन ट्रॉलीत आहे, म्हणून ब्रेकही ट्रॉलीला हवा. ट्रॉली मागून ढकलते तेव्हा दांडा आत दबून आपोआप लागणारा ब्रेक असतो, तसेच तेलाच्या किंवा हवेच्या दाबावर चालणारेही असतात. कोणताही बसवा, पण बसवा. नुसता ट्रॅक्टर थांबला आणि ट्रॉली ढकलत राहिली, तर ती ट्रॅक्टरला रस्त्यात आडवा करते. बहुतेक वेळा अपघात होतो तो असा.

आता ट्रॅक्टरच्या ब्रेककडे वळू. जुन्या गाड्यांत कोरडे ब्रेक असतात. डिस्कच्या प्रकारात दोन पट्ट्यांच्या उतरत्या खळग्यांत पोलादी गोळ्या असतात. पेडल दाबले की पट्ट्या फिरतात, गोळ्या खळग्यातून वर चढतात आणि पट्ट्या फाकून लायनरच्या डिस्क दाबल्या जातात. खळगे झिजले किंवा गोळ्या गंजल्या की ब्रेक एक तर धरून राहतो, नाही तर एका बाजूला ओढतो. अशा वेळी फक्त लायनर बदलणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणे होय. तीच गोष्ट ऑईल सीलची. सील गळत असेल तर नवा लायनरही थोड्या दिवसांत तेलाने भिजून निकामी होतो. सबब आधी सील, मग गोळ्या व खळगे, मग लायनर, आणि शेवटी दोन्ही पेडलचा खेळ सारखा करणे, असा क्रम ठेवावा.

तेलात बुडालेले ब्रेक, ज्यांना आपण ऑईल ब्रेक म्हणतो, ते ओढकामाला निश्चितच चांगले. घर्षणाची उष्णता तेल वाहून नेते, चिखल-पाणी आत जात नाही आणि डिस्क पुष्कळ टिकतात. परंतु जुन्या गाडीला ते बसवायचे तर त्याच मॉडेलचे हाऊसिंग, शाफ्ट व डिस्क जुळणारे मिळायला हवेत. लेथवर कातून बसवलेल्या जुगाडावर २० टनांचा भरवसा ठेवू नये. तेलही कंपनीने सांगितलेलेच घालावे. दुसरे घातले तर ब्रेक कुरकुरतो, थरथरतो आणि डिस्क लवकर झिजतात.

येथे मागच्या भागाचा संबंध येतो. पुष्कळ ट्रॅक्टरमध्ये ब्रेक चाकावर नसून, शेवटच्या गिअरच्या आधीच्या, जलद फिरणाऱ्या शाफ्टवर असतो. शेवटचा गिअर वेग पाच पट कमी करीत असेल, तर ब्रेकचा जोर चाकापर्यंत पाच पट होऊन पोचतो. हा फायदा खरा, पण तो सारा जोर बुल गिअरच्या दातांतून जातो. ओढताना दाताच्या एका बाजूवर भार येतो आणि ब्रेक दाबताना दुसऱ्या बाजूवर. दात झिजलेले, बेअरिंग सैल असेल, तर जबरदस्त ब्रेक बसवून आपण मोडतोडच ओढवून घेतो.

म्हणून मागचा भाग उघडलाच आहे तर क्राऊन आणि पिनियन तपासावेत. दातांना निळा रंग लावून फिरवले की छाप कोठे पडते ते दिसते. बदलायचे झाल्यास ती जोडीच बदलावी, एक नवे आणि एक जुने चालत नाही. चाकांत पाणी भरले किंवा लोखंडी वजने लावली की पकड वाढते, हे खरे. पण घसरणारे चाक हे मागच्या भागाचे एक प्रकारे फ्यूजच असते. पकड वाढली की तोच ताण ॲक्सल व दातांवर जातो. तेव्हा कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे वजन लावू नये.

ट्रॉलीचा हूकही खालीच ठेवावा. ॲक्सलच्या वर बांधून ओढले तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटू शकतो.

मालकाला चार गोष्टी मात्र अवश्य सांगाव्यात. रस्त्यावर दोन्ही पेडले खटक्याने जोडलेली असावीत. उतारापूर्वीच गिअर खालचा घ्यावा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये. वेग २० वरून ३० किलोमीटर झाला की ब्रेकवरचे काम दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते. आणि गाडीच्या रचनेत बदल करताना मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ लक्षात घेऊन आर.टी.ओ.त आधी विचारावे, नाही तर अपघातानंतर विम्याचा वाद उभा राहतो.

धंद्याच्या दृष्टीनेही यात नुकसान नाही. काय बदलले, काय बदलायचे राहिले, हे बिलावर लिहून द्या आणि जुने भाग मालकाच्या हाती ठेवा. 'ट्रॉलीला ब्रेक नाही, दोन ट्रॉल्या ओढू नका' असे स्पष्ट सांगितल्याने एखादे गिऱ्हाईक आज नाराज होऊन जाईल. पण भरलेली गाडी घाट उतरून सुखरूप कारखान्यावर पोचली, की तेच पुढच्या हंगामात परत येते आणि येताना आणखी दोघांना घेऊन येते.