सायनसचा त्रास आणि घरातला बटवा

बेळगावच्या हवेचे कौतुक ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंची, पाठीशी सह्याद्री, मृगापासून गणपतीपर्यंत रेंगाळणारा पाऊस आणि मागोमाग येणारी थंडी. ही हवा सुखद खरी. परंतु कान-नाक-घशाच्या दवाखान्यातून पाहणाऱ्याला तिची दुसरी बाजूही दिसते. जून उजाडला की दमट भिंती आणि न वाळलेले कपडे यांच्या जोडीने चोंदलेली नाके येतात. "डॉक्टर, माझे सायनस वाढले," असे सांगत रुग्ण बसतो आणि घरी केलेल्या उपायांची यादी वाचतो. ही यादी मी आस्थेने ऐकतो. तिच्यातील काही उपाय उत्तम असतात, काही निरुपद्रवी, तर काही घातक. त्यांचा निवाडा करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सायनस म्हणजे काय?

सायनस हे रोगाचे नाव नव्हे. चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांत, नाकाच्या आजूबाजूला हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. गालांमागे, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या अगदी मागे खोलवर अशी त्यांची जागा. त्यांच्या अस्तराला सूज आली म्हणजे सायनसायटिस.

या अस्तरात सतत पातळ श्लेष्मा तयार होतो आणि त्यावर सूक्ष्म केसांचे आवरण असते. हे केस श्लेष्म्याचा थर मिनिटाला सुमारे अर्धा ते एक सेंटिमीटर या गतीने पुढे ढकलतात. गालामागील सायनसचे छिद्र तळाशी नसून वरच्या बाजूला असते. घागर उभीच ठेवून ती रिकामी करावयाची, असे हे काम आहे. गुरुत्वाकर्षण येथे उपयोगी पडत नाही. सारी भिस्त त्या केसांवर. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील मेसरक्लिंगर यांनी हे वहनमार्ग दुर्बिणीने तपासून दाखविले आणि आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया त्याच पायावर उभी राहिली.

यावरून घरगुती उपायांची कसोटी सहज मिळते. सूज उतरविणारा, श्लेष्मा पातळ करणारा, केसांना काम करू देणारा उपाय चांगला. अस्तर भाजणारा वा केसांना इजा करणारा उपाय वाईट, मग तो कितीही जुना असो.

बहुतेक वेळा नुसती सर्दीच

सर्दीच्या विषाणूने सायनसचे अस्तरही सुजते. त्यात जिवाणूंची भर पडण्याचे प्रमाण प्रौढांमध्ये अवघे अर्धा ते दोन टक्के आहे. म्हणजेच शंभरातील अठ्ठ्याण्णव जणांना प्रतिजैविकांची गरज नसते. शेंबूड पिवळा वा हिरवा झाला, एवढ्यावरून जिवाणूंचा संसर्ग ठरत नाही. दहा दिवस उलटूनही उतार नसणे, किंवा बरे वाटू लागल्यावर ताप व वेदना पुन्हा उसळणे, या खऱ्या खुणा होत. आपल्या व्यवसायबंधूंनाही माझी विनंती आहे, की रुग्णाच्या आग्रहापोटी तिसऱ्याच दिवशी प्रतिजैविके लिहून देऊ नयेत.

आणखी एक गोष्ट. कपाळ दुखले की सायनस, हे समीकरण फसवे आहे. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःला 'सायनसची डोकेदुखी' आहे असे मानणाऱ्या २,९९१ जणांची तपासणी झाली. त्यांपैकी ८८ टक्के जणांची लक्षणे अर्धशिशीच्या प्रकारातील निघाली. नाक मोकळे असताना डोके वारंवार दुखत असेल, तर वाफारे घेत बसण्यात अर्थ नाही.

मिठाचे पाणी : पहिला मान

घरगुती उपायांत ज्याच्या बाजूने सर्वांत चांगला पुरावा आहे, तो म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे. हठयोगाच्या षट्कर्मांत नेती आहे. हठप्रदीपिकेत ती सूत्राने करावयास सांगितली आहे. आज घरोघरी परिचित आहे ती जलनेती. विशेषतः जुनाट सायनसायटिसमध्ये नाक धुण्याची शिफारस आधुनिक मार्गदर्शक सूचनाही करतात.

कृती सोपी आहे. अर्धा लिटर पाणी खळखळून उकळावे, किमान एक मिनिट उकळत ठेवावे आणि झाकून कोमट होऊ द्यावे. त्यात सपाट लहान चमचाभर मीठ व चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. बेसिनवर वाकून मान एका बाजूस कलती करावी, तोंडाने श्वास घेत राहावे आणि वरच्या नाकपुडीत नेतीपात्राची तोटी लावून पाणी हळूहळू सोडावे. ते दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येते. मग बाजू बदलावी. नंतर नाक जोराने शिंकरू नये. पात्र दर वेळी धुऊन कोरडे ठेवावे. कान दुखत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल, तर त्या दिवशी हा प्रयोग करू नये.

पाणी उकळण्याच्या आग्रहाला कारण आहे. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती केल्याने दोघांना मेंदूचा अमीबाजन्य संसर्ग होऊन मृत्यू आला. असे क्वचितच घडते. परंतु नळाचे, विहिरीचे वा टाकीचे कच्चे पाणी नाकात घालू नये. प्यायला चालते म्हणून नाकाला चालते, असे नाही.

वाफ आणि काढे

वाफेने क्षणभर बरे वाटते, यात संशय नाही. मात्र २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमधील ८७१ रुग्णांवरच्या चाचणीत नाक धुण्याने काहीसा फायदा दिसला. वाफेने डोकेदुखी थोडी कमी झाली, एरवी विशेष फरक पडला नाही. म्हणून वाफ घ्यायची तर आरामासाठी घ्यावी. पातेले खाली उतरवून स्थिर ठेवावे, पाच-सात मिनिटे पुरेत. लहान मुलांना उकळत्या पाण्याजवळ बसवू नये. पातेले कलंडून भाजण्याचा धोका लाभापेक्षा कितीतरी मोठा आहे.

सुंठ, मिरे, तुळस घातलेला काढा, आपल्याकडचा धणे-जिऱ्याचा कषाय, रात्री हळद घातलेले दूध, या गोष्टी मी कुणाला सोडायला सांगत नाही. गरम पेयाने घसा निवतो, श्लेष्मा सुटतो आणि अंगात पाणी जाते. पण काढा रोग बरा करतो, असा दावा मी करणार नाही. उशी थोडी उंच घेणे, पुरेशी झोप, घरातील ओल हटविणे आणि तंबाखूचा धूर टाळणे, हे बिनखर्चाचे उपाय अधिक मोलाचे आहेत.

हे मात्र टाळावे

ओवा-वेखंडाची धुरी आपल्या परंपरेतील खरी. परंतु कोणताही धूर त्या सूक्ष्म केसांना मारकच. कापूर तान्ह्या मुलांच्या अंगाला चोळू नये, नाकाशी धरू नये. त्याने आकडी येऊ शकते. निलगिरीचे तेल पोटात घेणे विषारी आहे. पुदिन्याच्या अर्काने नाक मोकळे 'वाटते', प्रत्यक्षात हवेचा मार्ग रुंदावत नाही. लसणाची पाकळी नाकात ठेवू नये. २०२१ च्या साथीत नाकात लिंबाचा रस पिळण्याचा सल्ला पसरला होता. असल्या प्रयोगाने अस्तर भाजते. नाक उघडणारे औषधी थेंबही पाच-सात दिवसांपेक्षा अधिक वापरू नयेत. पुढे त्यांचीच सवय लागून नाक अधिक चोंदते.

बटवा केव्हा बंद करावा?

डोळ्याभोवती सूज, दुहेरी वा अंधुक दिसणे, कपाळावर सूज, ताठलेली मान, तीव्र डोकेदुखीसह ताप, गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर वरची दाढ तपासून घ्यावी. तिची मुळे गालाच्या सायनसला भिडलेली असतात. मुलांच्या बाबतीत एकाच नाकपुडीतून घाण येणे म्हणजे बहुधा नाकात अडकलेला मणी किंवा शेंगदाणा असतो.

मधुमेही रुग्णांना तर मी हात जोडून सांगतो. २०२१ साली म्यूकरमायकोसिसने जे घडविले, ते आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे. गाल बधिर होणे, नाकातून काळपट खपल्या, टाळूवर काळा डाग, डोळ्याची पापणी उतरणे, ही लक्षणे असताना वाफाऱ्यात घालविलेला एक दिवसही डोळ्याच्या, प्रसंगी जिवाच्या मोलाचा ठरतो.

आजीचा बटवा आणि डॉक्टरांची पेटी यांत वैर नाही. सर्दीचे पहिले दहा दिवस, धोक्याची लक्षणे नसताना, बटव्याने खुशाल सांभाळावेत. पुढची पायरी कोणती आणि ती केव्हा चढायची, एवढे घरातील एकाने तरी ध्यानात ठेवले, तर येत्या पावसाळ्यात अनेक नाके औषधाविना मोकळी होतील आणि एखादा डोळाही वाचेल.