बापांनी जाळले, पोरांनी बांधले



नॉर्वे देशाच्या उत्तर टोकाला फिनमार्क नावाचा मुलूख आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो जाळून टाकला. घरे, गोठे, शाळा, होड्या, काही ठेवले नाही.

त्याच जर्मनीत लोथार क्रायसिग नावाचे न्यायाधीश होते. सरकार मनोरुग्णांना ठार मारते आहे हे कळताच त्यांनी १९४० मध्ये विरोध केला. न्यायाधीशाचे काम सुटले, तेव्हा ते आपल्या शेतीवर राहिले. पुढे १९५८ साली चर्चच्या सभेत त्यांनी आवाहन केले : ज्यांना आपण छळले त्यांची परवानगी मागू, आणि त्यांच्या देशात आपल्या हातांनी काही चांगले उभारू.

पुढच्या वर्षापासून तरुण पोरे परदेशी जाऊ लागली. एक तुकडी फिनमार्कमधील कोकेल्व या समुद्रकाठच्या खेड्यात गेली. तिथे त्यांनी बांधलेले चर्च १९६० मध्ये पुरे झाले.

यात ध्यानात घ्यावे ते एवढेच. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, अशी जगाची रीत. इथे मात्र राबणाऱ्यांनीच आधी हात जोडले.

तुमच्या भाऊबंदकीत वडिलांनी शेजाऱ्याचा बांध कोरला असेल, तर नुसती माफी नको. त्याला विचारा, फावडे घ्या आणि बांध पुन्हा घालून द्या.