मांजराची शुगर घरीच तपासायची असेल तर

कळंबोलीहून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात पोचेपर्यंत पिंजऱ्यातलं मांजर इतकं घाबरतं, की त्या धास्तीनेच त्याची शुगर वाढते. म्हणून इन्शुलिनवरच्या मांजराची शुगर घरी मोजलेली बरी.

कान चोळून कोमट करा. मागे कापूस धरून कडेच्या बारीक शिरेजवळ लॅन्सेट टोचा. मोहरीएवढा थेंब पुरतो. मग कापूस दाबून धरा आणि लाड करा!

🔸 माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची शुगर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. कोणतं मीटर वापरता ते डॉक्टरांना सांगा, ते सारखं बदलू नका.

🔸 आकडा, वेळ, खाणं, डोस वहीत लिहा. डॉक्टरांनी सांगितलं तर १२ तास दर २ तासांनी मोजा. शुगर सर्वांत खाली कधी जाते ते कळतं.

🔸 ४० युनिटच्या इन्शुलिनला लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटच्या इन्शुलिनला केशरी. अदलाबदल झाली की डोस अडीचपट चुकतो.

🔸 आकडा ६० च्या खाली गेला किंवा मांजर झोकांड्या खातंय? इन्शुलिन थांबवा, खायला द्या. खात नसेल तर हिरड्यांना मध चोळा आणि ताबडतोब डॉक्टरांना फोन करा.

एका आकड्यावरून डोस मात्र स्वतः वाढवू नका.