पुढचं शीड गुंडाळत नसेल तर विंच लावू नका, आधी वर बघा

मार्चमध्ये आपल्या खाडीच्या तोंडावर जे झालं ते बऱ्याच जणांनी जेट्टीवर ऐकलं असेल, तिखटमीठ लावूनही ऐकलं असेल. आम्ही दुसऱ्या दिवशी ती बोट स्वतः बघितली, म्हणून नीट लिहितोय. आपल्या गावची चार पोरं आज अशा हौशी शिडाच्या बोटींवर कामाला आहेत आणि त्यांना हे काम कुणी बसून शिकवलेलं नाही.

बोट पंचवीस फुटी. मालक ग्वाल्हेरच्या थाटीपुरात राहणारे एक निवृत्त मराठी काका. दिवाळीनंतर येतात, मे महिन्यात बोट वर काढून परत जातात. तिकडच्या तिघ्रा धरणाच्या पाण्यावर हौस भागत नाही म्हणतात. त्या दिवशी बोटीवर काका, त्यांची नात आणि आपला पोरगा असे तिघे होते. दुपारनंतर दर्यावरचा वारा चढला, म्हणून परत फिरले. पुढचं शीड, म्हणजे जीब, गुंडाळायला घेतलं तर निम्मं गुंडाळलं आणि जाम. ना आत, ना बाहेर. उरलेलं शीड फडफडतंय, बोट आडवी होतेय आणि समोर खडक.

पोराने काय केलं? दोरी विंचवर घेतली आणि हँडल मारायला लागला. तेवढ्यात आपल्या एका सभासदाची बोट मासळी घेऊन आत येत होती. तिच्यावरचे तांडेल शिडाच्या जमान्यातले. ते लांबूनच ओरडले, "अरे, विंच सोड! वर बघ, वर!"

वर बघितलं तर डोलकाठीच्या टोकाशी हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, पुढच्या तारेभोवती दोन वेढे घालून बसला होता. तांडेलांनी सांगितलं तसं वारा पाठीवर घेतला. मोठ्या शिडाच्या आडोशाला आल्यावर जीब ढिली पडली. मग ती थोडी उलगडली, वरचे वेढे सुटले आणि हाताने हळूहळू पुन्हा गुंडाळली. बोट आत आली.

दुसऱ्या दिवशी डोलकाठीवर माणूस चढवला. पुढचा स्टे एकोणीस तारांचा असतो, त्यातल्या दोन तारा तुटलेल्या. हँडल अजून थोडं मारलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. डोलकाठी पुढून त्याच तारेवर उभी असते आणि नात पुढेच बसली होती.

आता हे होतं कसं ते बघू. आपल्या जुन्या होड्यांत शीड आवरायचं तर परबाण खाली घ्यायचं. या बोटींत शीड खाली येत नाही, जागेवरच चटईसारखं गुंडाळतं. पुढच्या तारेवर ॲल्युमिनियमची नळी असते, शिडाची कड तिच्या खाचेत बसते. खाली ड्रम, वर एक फिरकी. ड्रमची दोरी ओढली की नळी फिरते आणि शीड तिच्यावर गुंडाळतं. फिरकीचा खालचा भाग शिडाबरोबर फिरला पाहिजे आणि वरचा भाग, ज्याला हॅलयार्ड बांधलेला असतो, तो जागेवर थांबला पाहिजे. वरचा भागही फिरायला लागला की दोर तारेला वेढे घालतो. सगळी मेख इथे आहे.

काकांच्या बोटीचं कारण शोधायला आम्हाला अख्खा दिवस लागला. बेअरिंग धुतलं, कप्प्या बघितल्या, सगळं ठीक. शेवटी काका म्हणाले, जीब यंदाच नवीन शिवून घेतलीय. मापली, तर जुन्यापेक्षा दीड फूट आखूड! शिवणाऱ्याला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नाही. शीड आखूड, म्हणून फिरकी दीड फूट खाली राहिली. हॅलयार्ड डोलकाठीकडून तिरका यायच्या ऐवजी तारेला जवळजवळ समांतर आला. दोर तारेपासून आठ-दहा अंश तरी फटकून असला पाहिजे, नाहीतर तो वेढे घालणारच. उपाय स्वस्तातला निघाला. शिडाचं टोक आणि फिरकी यांच्यामध्ये दीड फुटाचा तारेचा तुकडा जोडला, फिरकी वर गेली. स्टे मात्र नवीन घालावा लागला, त्याचा खर्च स्वस्तातला नव्हता.

तर पोरांनो, जाम झालं की कारण असं शोधा. वारा नसताना जेट्टीवर शीड पूर्ण खाली उतरवा आणि रिकामी नळी हाताने फिरवा. सहज फिरली तर ड्रम चांगला आहे, भानगड वर आहे किंवा हॅलयार्ड फार ताणलेला आहे. हॅलयार्ड शिडाच्या सुरकुत्या जाण्यापुरताच ताणायचा, जास्त ताणला की फिरकीवर नुसता भार. नळी हातानेही घासत फिरली तर खालचं बेअरिंग मिठाने धरलंय. गोड्या पाण्याने भरपूर धुवा. ग्रीस दिसलं की चोपडायची आपली सवय इथे आवरा. काही कंपन्यांच्या बेअरिंगला ग्रीस लागतं, काहींच्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांना ते चालत नाही, वाळू-मीठ धरून ठेवतं. बनवणाऱ्याचं पुस्तक बघा.

ड्रममध्ये दोरीवर दोरी चढून अडकणं तर ट्रॉलरवर काम केलेल्याला शिकवायला नको. जाळ्याच्या विंचवर वायर ढिली सोडली की काय होतं? तेच. शीड उघडताना ड्रमची दोरी मोकळी सोडू नका, हातात थोडी धरून सोडा. ड्रमजवळची पहिली कप्पी अशी बसवा की दोरी ड्रममध्ये सरळ शिरेल, वरखाली तिरकी नाही. आणि पूर्ण गुंडाळल्यावरही ड्रमवर तीन-चार वेढे शिल्लक पाहिजेत, कारण जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळतं आणि जास्त फेरे खातं. उन्हाने तडकलेल्या, मिठाने बसलेल्या कप्प्याही बघा. पुढचा स्टे ढिला असला तर नळीला बाक येतो, तेही घासण्याचं कारण. आणि फिरत्या ड्रमजवळ बोटं नेऊ नका, कितीही घाई असली तरी.

समुद्रात काहीच चाललं नाही तर हॅलयार्ड सोडून शीड खाली ओढा. वेढ्यांमुळे तेही येत नसेल आणि जागा मोकळी असेल, तर शिटा ढिल्या करून इंजिनवर बोट गोल गोल फिरवा, शीड आपोआप तारेभोवती गुंडाळतं. खाडीच्या तोंडाशी हा प्रकार करायचा नाही, तिथे फिरायला जागाच नाही.

डोलकाठी गेली तर काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच नौदलातलं आहे. कमांडर अभिलाष टॉमी २०१३ साली गोव्यात बांधलेल्या म्हादेईवरून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तेच २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात सापडले. २१ सप्टेंबरला डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. तीन दिवसांनी त्यांना उचललं ते फ्रान्सच्या मासेमारीवर गस्त घालणाऱ्या ओसिरिस जहाजाने. तिथे कारण वादळ होतं, गुंडाळीचा दोष नव्हता. पण असा दर्यावर्दीसुद्धा डोलकाठी गेल्यावर हलू शकला नाही.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी आहे, बोटी वर असतील. काकांचा फोन आला होता, जुना ड्रम आणि तुटका स्टे ते सोसायटीला देताहेत. बंदीतल्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला ऑफिसमागच्या शेडमध्ये तो ड्रम उघडून ठेवू. हौशी बोटींवर कामाला असलेल्या पोरांना घरच्यांनी पाठवावं. तांडेलही येणार आहेत. दोन तारा तुटलेला तो स्टे तिथेच भिंतीला टांगलेला असेल, हात लावून बघा.