संकल्पचित्र आणि भिगवणचें पाणी

महाराष्ट्रांतील शाळांच्या विद्यार्थ्यांसाठीं एलिमेंटरी व इंटरमिजिएट या ज्या शासकीय रेखाकला परीक्षा घेण्यांत येतात, त्यांत वस्तुचित्र व स्मरणचित्र यांच्या जोडीला संकल्पचित्राचाहि विषय असतो. ठरवून दिलेल्या चौकटींत आकारांची मांडणी करून ती रंगवावयाची, असें त्याचें स्वरूप असतें. पुष्कळदां विद्यार्थी पाठ केलेलें एखादें फूल आणि चार पानें कोपऱ्याकोपऱ्यांत बसवून मोकळा होतो. वास्तविक या साध्या दिसणाऱ्या विषयांत चित्रकलेंतील एक मोठा प्रश्न दडलेला आहे. ज्यांत कोणत्याही वस्तूचें हुबेहूब रूप नाहीं, केवळ रेषा, आकार आणि रंग आहेत, असें चित्र पाहणाऱ्याशीं बोलतें तरी कसें?

हा प्रश्न परदेशांतूनच आला असें समजण्याचें कारण नाहीं. अंगणांतील ठिपक्यांची रांगोळी हें त्याचें घरगुती उत्तर होय. ठिपके समान अंतरावर मांडावयाचे, ते ठराविक नियमानें जोडावयाचे, आणि दोन्ही बाजूंचा तोल साधावयाचा, एवढ्यानेंच रिकाम्या जमिनीला शोभा येते. ठाणें व पालघर या जिल्ह्यांतील वारली चित्रांत माणसाचें शरीर टोकास टोक लावलेल्या दोन त्रिकोणांनीं आणि डोकें लहानशा वर्तुळानें दाखवितात. लग्नप्रसंगीं भिंतीवर लिहिला जाणारा देवचौक हा तर चौकोनच. तांदुळाच्या पिठाचा एकच पांढरा रंग वापरूनहि त्या भिंतीवर सबंध नाच उभा राहतो, कारण आकारांमधील अंतरांना लय असते.

ही लय निसर्गांतून कशी उचलावी, हें समजून घेण्यास भिगवणचा परिसर फार सोयीचा आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि त्याच्या जलाशयाचा फुगवटा इंदापूर तालुक्यांत भिगवणच्या शिवारापर्यंत पसरला. हिवाळ्यांत कुंभारगांव, डिकसळ या बाजूच्या उथळ पाण्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. छायाचित्रकार तेथें पक्ष्याचें पीस न् पीस टिपतो. संकल्पचित्र काढणाऱ्याचें काम याच्या उलट असतें. काय गाळावयाचें हें त्याला आधीं ठरवावें लागतें. होड्या, झाडेंझुडपें, माणसें गाळलीं, म्हणजे उरतात ते तीन आडवे पट्टे : आकाश, पलीकडचा तीर आणि पाणी. पक्ष्यांचे पाय म्हणजे बारीक उभ्या रेषा, देह म्हणजे लंबवर्तुळ, उडतांना पसरलेला पंख म्हणजे त्रिकोण. डच चित्रकार पीट मोंद्रियान यानें १९१४-१५ च्या सुमारास समुद्र व त्यांत शिरलेला धक्का पाहून जीं चित्रें केलीं, त्यांत शेवटीं आखूड आडव्या-उभ्या रेषाच शिल्लक ठेविल्या. रीत तीच.

गाळून उरलेले आकार मांडतांना प्रमाणाकडे लक्ष द्यावें लागतें. आडवी रेषा स्वस्थता सुचविते, उभी रेषा आधार, आणि तिरपी रेषा गति. तिन्ही पट्टे सारख्याच रुंदीचे ठेविले, तर चित्र निशाणासारखें दिसतें; पाणी रुंद केलें आणि तीर अगदीं अरुंद ठेविला, कीं विस्ताराचा भास होतो. पन्नास त्रिकोण सर्वत्र सारखे विखुरले, तर ती कापडावरील छपाई होते. तेच एका बाजूस दाट आणि दुसऱ्या बाजूस विरळ केले, कीं थवा उडाल्यासारखें वाटतें. मोकळी जागा हाहि एक आकारच असून तो जाणीवपूर्वक राखावा लागतो. यासाठीं रंगीत कागदाचे तुकडे कापून ते चिकटविण्यापूर्वीं इकडेतिकडे सरकवून पाहणें, हा सोपा आणि उत्तम उपाय आहे.

रंगाची गोष्ट याहून नाजूक. शेव्रल नांवाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिस येथील गोब्लँच्या सरकारी विणकाम कारखान्यांत रंगाई खात्याचा प्रमुख होता. कांहीं काळे धागे पुरेसे काळे दिसत नाहींत, अशी तक्रार त्याच्याकडे आली. शोध घेतां दोष रंगांत नसून शेजारच्या रंगांत आहे, असें त्यास आढळलें, आणि १८३९ सालीं त्यानें या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे डोळा कोणताही रंग एकटा पाहत नाहीं. रोहिताचा फिका गुलाबी रंग पांढऱ्या कागदावर जवळजवळ हरवतो. तोच करड्या-हिरव्या पाण्यावर ठेविला, तर उजळून उठतो. पंखाच्या कडेचा काळा रंग थोडासा जवळ आणला, कीं त्याला आणखी धार येते.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर भिगवणच्या पाण्यांतच आहे. त्या पाण्याखालीं जुनीं गांवें आणि पिकतीं शेतें गेलीं. पळसदेवचें प्राचीन देऊळ जलाशयांत असून पाणी फार उतरलें म्हणजे तें उघडें पडतें. पाहुण्याला तेथें पक्षी दिसतात. ज्यांचीं घरें गेलीं, त्यांना त्याच ठिकाणीं आणखी कांहीं दिसतें. हुबेहूब चित्र डोळ्यांपुढील पृष्ठभागाशीं बांधलेलें असतें. संकल्पचित्रांत मात्र पाण्याच्या रुंद पट्ट्याच्या तळाशीं, पाण्याच्याच रंगाच्या किंचित् गडद छटेचा एक लहान चौकोन ठेवितां येतो. वर गुलाबी त्रिकोण उडत आहेत, खालीं चौकोन स्थिर आहे. तो देवळाचा आहे कीं घराचा, हें कोणी ओळखणार नाहीं. पण तळाशीं कांहीं जड वस्तु राहिली आहे, हें जाणवल्यावांचून राहणार नाहीं.

तो चौकोन ठेवावा कीं ठेवूं नये, ठेवल्यास किती गडद करावा, याचा ज्या विद्यार्थ्यानें मनाशीं विचार केला, त्याला पाठ केलेल्या फुलापानांची गरज उरत नाहीं.