बसून काम, तरी कंबर का धरते?



भाताची आवणी केली, पाण्याचे हंडे वाहिले की कंबर दुखते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण आता आपल्या सरावली, बोईसर, पास्थळ भागातल्या कितीतरी जणी दिवसभर बसून काम करतात. कुणी तारापूर एमआयडीसीत पॅकिंगच्या टेबलावर, कुणी शिलाई मशीनवर, कुणी ऑफिसात कॉम्प्युटरवर, तर कुणी बचत गटाची रजिस्टरं लिहीत. संध्याकाळी कंबर धरली असं म्हटलं, तर घरात ऐकायला मिळतं, "दिवसभर बसूनच तर होतीस!" मग आपणही गप्प बसतो. बाईच्या पाचवीलाच कंबरदुखी पुजलेली, असं म्हणून सोडून देतो.

तर आज एवढंच समजून घेऊ, की बसून राहणं हेही पाठीला कामच आहे. आणि हे दुखणं बऱ्याच अंशी टाळता येतं.

बसल्यावर पाठीत काय होतं?

आपल्या पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५. दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते. मोठ्या माणसाच्या या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आपण हलतो, चालतो, वाकतो, तेव्हा ती दाबली जाते आणि सुटते, आणि त्यातून तिला पोषण मिळायला मदत होते. तासन्‌तास एकाच जागी बसलो तर ही ये-जा मंदावते.

त्यातून आपण बसतो कसे? पुढे वाकून. सुईकडे बघायला वाकतो, रजिस्टरवर वाकतो. स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात माणसाच्या गादीत बारीक सुई घालून दाब मोजला होता. उभं राहण्यापेक्षा पुढे वाकून बसलं की दाब वाढतो, असं त्यात दिसलं. वाकलेलं शरीर सावरायला पाठीचे स्नायू सतत ताणून धरावे लागतात. भरलेली बादली पाच मिनिटं हातात धरली तर हात भरून येतो ना? पाठीचंही तसंच होतं.

म्हणजे दोष नुसत्या बसण्याचा नाही. वाकून बसण्याचा आणि न उठण्याचा आहे.

उठायचं कधी?

दर अर्ध्या तासाने एक मिनिट उठा. घड्याळ बघायला सवड नसेल तर कामातलीच खूण ठरवा. बॉबिन संपली की उठायचं. ठरावीक खोकी भरून झाली की उठायचं. फोन आला की उभं राहून बोलायचं. उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि हळूच मागे झुका. असं पाच वेळा करा, चार पावलं चाला, पुन्हा बसा.

पीसवर पैसे मिळणारी बाई म्हणेल, उठले तर माझे पीस कमी होतील. हिशोब करून बघू. आठ तासांत अर्ध्या तासाला एक मिनिट म्हणजे सगळी मिळून १६ मिनिटं. कंबर धरून दोन दिवस घरी बसावं लागलं, तर किती पीस जातात?

बऱ्याच जणी कामावर पाणीच पीत नाहीत, कारण सारखं बाथरूमला जावं लागतं. तसं करू नका. पाणी प्या. त्या निमित्ताने उठणंही होतं.

बसायची जागा नीट करा

कंपनीतल्या खुर्च्या पुष्कळदा आपल्या उंचीला मोठ्या पडतात. पाय लोंबकळले की कमरेवर ताण येतो. पायाखाली पाट किंवा विटा ठेवा, म्हणजे तळवे पूर्ण टेकतील. खुर्चीत मागपर्यंत सरकून बसा आणि कमरेच्या खोलगट जागी टॉवेलची गुंडाळी ठेवा.

कॉम्प्युटरचा पडदा खाली असेल तर त्याखाली जुनी रजिस्टरं ठेवून वरची कड डोळ्यांसमोर आणा. शिलाई मशीन असेल तर स्टूल जवळ ओढा, आणि उजेड कामावर पडेल असं मशीन फिरवा. अंधारात बाई आपोआप वाकते.

जमिनीवर बसून गटाचा हिशोब लिहिताना रजिस्टर मांडीवर नको, चौरंगावर ठेवा. गोधडीची घडी करून तिच्यावर बसा, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहील. पाठ भिंतीला टेकवा. मांडी मोडून मधूनमधून पाय लांब करा.

आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. चाळिशीनंतर जवळचं अंधूक दिसायला लागतं. सुई ओवता येत नाही म्हणून आपण वाकतो आणि दुखते मात्र पाठ. अशा वेळी आधी डोळे तपासून चाळिशीचा चष्मा घ्या.

घरी करायचे तीन व्यायाम

पहिला: लादी पुसताना बसतो तसं हात आणि गुडघ्यांवर या. पाठ मांजरीसारखी वर करा, मग हळू खाली सोडा. दहा वेळा.

दुसरा: उताणं झोपून गुडघे वाकवा, तळवे जमिनीवर. कंबर उचला, पाच आकडे मोजा, खाली आणा. दहा वेळा.

तिसरा: तसंच झोपून एकेक गुडघा छातीकडे ओढा आणि थोडं थांबा. प्रत्येक पायाने पाच वेळा.

याशिवाय रोज अर्धा तास चाला. व्यायामाने दुखणं पायात उतरायला लागलं तर तो थांबवा. गरोदर बाईने आधी नर्सताईंना विचारावं.

कामावरून आल्या आल्या हंडा उचलू नका. आधी पाच मिनिटं घरातच हिंडा, बसून आखडलेली पाठ मोकळी होऊ द्या.

दुखायला लागलं तर

गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं शेका. आठवडाभर अंथरुणाला खिळून राहू नका. झेपेल तेवढं हिंडत राहिलं तर कंबर लवकर सुटते. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत कमी होतं.

उसण भरली म्हणून पायाळू माणसाची लाथ मारून घेऊ नका. मेडिकलमधून वेदनेच्या गोळ्या आणून रोज खाऊ नका, पोट आणि किडनी बिघडते. कमरेच्या पट्ट्यावरही पैसे घालवायची घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल सल्ला दिला, त्यात व्यायामाला जागा आहे, पण नेहमीचा उपाय म्हणून पट्टा वापरू नका असं म्हटलं आहे. आणि फोटोत "गॅप" दिसला म्हणून घाबरून जाऊ नका. काहीच दुखत नसलेल्या कित्येकांच्या फोटोतही तो दिसतो.

पण काही खुणा दिसल्या तर घरी थांबू नका. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पायातली ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पडल्यानंतर दुखत असेल तर दाखवा. ताप येतो, वजन घटतं, रात्री घाम येतो आणि पाठ दुखते, तर मणक्याचा टीबी असू शकतो. तो औषधाने बरा होतो, पण वेळेवर कळायला हवा. दुखण्याबरोबर अंगावरून जात असेल किंवा ओटीपोट दुखत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात लाजायचं काही नाही.

पगारातून ईएसआय कापला जात असेल तर त्या कार्डावर तुम्हाला उपचार मिळतात. अटी पूर्ण असतील तर डॉक्टरांनी दिलेल्या आजारपणाच्या रजेत, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. आपल्या पगारातून ईएसआय कापतात की नाही, हे पावतीवर बघून घ्या.

एकटीने नको, मिळून बोला

पायाखाली पाट हवा, खुर्ची हवी, एक मिनिट उठू द्या, हे एकटीने सांगितलं तर "तुझीच कंबर नाजूक का?" असं ऐकावं लागतं. दहा जणींनी मिळून सुपरवायझरला सांगितलं तर वजन पडतं. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना बसायची सोय हवी, हे १९४८च्या कारखाने कायद्यातही लिहिलेलं होतं. तेव्हा आपण काही जगावेगळं मागत नाही.

सुरुवात आपल्या गटापासून करू. पुढच्या बैठकीत रजिस्टर चौरंगावर ठेवा. अर्धा तास झाला की अध्यक्षताईंनी सगळ्यांना उभं करावं, पाच वेळा मागे झुकावं, मग कर्जाचा विषय घ्यावा. आणि कोणाची कंबर किती दिवसांपासून दुखते आहे, तेही एकदा मोकळेपणाने विचारा. गप्प बसलेल्या बाईला तिथे बोलता येईल.

काळजी घ्या मैत्रिणींनो.