दिवाडीची ‘म्हादेई’: आराम नेमका कुठून येतो?

शिडाच्या आलिशान नौकेत आराम गुबगुबीत गाद्यांवर ठरत नाही, तो आधी बुडाच्या आकारावर आणि वजनावर ठरतो. याचं उत्तम उदाहरण गोव्यात घडलं.

मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस कारखान्यात भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ बांधली गेली. आराखडा नेदरलँड्सच्या व्हॅन द स्टाडचा, ‘टोंगा ५६’. लांबी ५६ फूट, वजन सुमारे २३ टन. लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि त्यावर फायबरग्लास.

जड नौका लाटेवर कमी आपटते, सावकाश चढते-उतरते. झोपायला सर्वांत चांगली जागा मध्यावर, कारण टोकांना हेलकावे जास्त. बिछान्याच्या कडेला कापडी आडोसा बांधतात, म्हणजे नौका कलली तरी झोपलेला माणूस खाली पडत नाही. शेगडी झुलत्या आधारावर असते. नौका तिरकी झाली तरी भाताचं पातेलं सरळच राहतं.

‘म्हादेई’तूनच नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिची जुळी बहीण ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जग फिरून आली.